तिन्ही दिव्यांना एकच नाव

बाबांना पुरून महिनाही झाला नव्हता, तेव्हा मारितचा फोन आला. मारित नगरपालिकेची परिचारिका. आमच्या बाजूच्या बेटांवरच्या म्हाताऱ्या माणसांची औषधं, त्यांचे पाय आणि त्यांचे हट्ट हे तिचं खातं.

"उन्नी, स्पष्टच सांगते," ती म्हणाली. "तुझ्या आईचा तोल जातो हे तुलाही ठाऊक आहे. तिला तिथे एकटीला राहायचं असेल तर मनगटातलं मदतीचं बटण तिच्या पायाबरोबर चाललं पाहिजे. घरात, मेंढवाड्यात, होडीघरात. मी शुक्रवारी येऊन तपासते. चाललं तर राहू दे तिला. नाहीतर इथे शहरात वृद्धाश्रमात खोली धरून ठेवली आहे."

"बटण तर आहेच की."

"तुझ्या बाबांकडेही होतंच," ती म्हणाली, आणि लगेच, "माफ कर."

मी ट्रॉन्डहाइमला एका ग्रंथालयात नोकरी करते. तिथल्या संगणकांचं काय बिघडलं की तेही माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे मारितला काय हवंय ते मला नीट कळलं. रजा वाढवून घेतली, बॅगेत लॅपटॉप टाकला आणि आगगाडी, बस आणि बोट करत हेल्गेलांडच्या किनाऱ्यावर, बेटावर पोचले.

आमच्या घरामागे डोंगर असा उभा आहे की मोबाइलला तिथे रेंज म्हणून मिळत नाही. मनगटातलं बटण दाबलं की शहरातल्या मदत केंद्रातला माणूस त्याच मनगटातून बोलतो, पण तो आवाज घरच्या वायफायवरून यावा लागतो. म्हणून बाबांनी स्वतः खणून, नळीतून तारा नेऊन, तीन डबे बसवले होते. एक स्वयंपाकघरात, एक उताराच्या मधे मेंढवाड्यात आणि एक खाली पाण्याशी, होडीघराच्या तुळईवर. काम बाबांचं होतं, त्यामुळे तारेला कुठे सुरकुतीसुद्धा नव्हती. ते त्या डब्यांना दिवे म्हणायचे.

बाबांचं सगळं आयुष्य दिव्यांच्या नोकरीत गेलं. खडकांवरचे, सामुद्रधुनीच्या तोंडावरचे दिवे. होडीतून जायचं, काचा पुसायच्या, यंत्र बघायचं, रंगवायचं. प्रत्येक दिव्याची लुकलुकण्याची आपली एक चाल असते, शेजारच्या दिव्याहून वेगळी. अंधारात खलाशी दिवा बघत नाही, त्याची चाल मोजतो आणि म्हणतो, हा अमुक, म्हणजे मी इथे आहे. बाबांनी आपल्या तीन डब्यांनाही अशीच वेगवेगळी नावं दिली होती, त्यांनी सांभाळलेल्या तीन दिव्यांची. स्वयंपाकघरात लांगहोल्म. मेंढवाड्यात ग्रोशेर. होडीघरात स्वार्टबो. पासवर्डही तिघांचे तीन.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना म्हटलं होतं, "बाबा, तिघांना एकच नाव द्या. एक नाव, एक पासवर्ड. मग जवळचा डबा कुठला ते यंत्र आपलं आपण बघतं. चालता चालता एकाचा हात सोडतं, दुसऱ्याचा धरतं. आपल्याला कळतसुद्धा नाही."

"कळतसुद्धा नाही, हेच तर वाईट."

"त्यात वाईट काय?"

"दोन दिव्यांना एक चाल दिली ना, की खलाशी खडकाला बंदर समजतो. आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर त्याला नोकरीतून काढलं असतं. मग लोकांनी पाण्यात टाकलं असतं."

"हा समुद्र नाहीये बाबा, अंगण आहे."

"अंगणात माणसं पडत नाहीत वाटतं?" ते म्हणाले. "मी फोन काढला आणि त्यावर ग्रोशेर दिसलं, की मला कळतं मी मेंढ्यांत आहे."

"ते तुम्हाला वासावरूनही कळेल."

"दोघं गप्प बसा," आई म्हणाली. "बटाटे गार होतायत. ऑडवार, तुझ्या फोनला एवढी अक्कल असती तर त्याने आधी तुला दाढी करायला सांगितलं असतं."

वाद तिथेच संपला. त्यांनी बटणाला तिन्ही नावं आणि तिन्ही पासवर्ड शिकवले, आणि तेवढं पुरेल असं त्यांना वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

पण असल्या यंत्रांचा एक स्वभाव असतो. एका नावाला धरलं की त्याचा शेवटचा धागा तुटेपर्यंत ती त्याला सोडत नाहीत. शेजारी दुसरं नाव कितीही ठणठणीत असो, ते त्यांच्या लेखी परकं. त्या सकाळी बाबा होडी हिवाळ्यासाठी वर ओढायला गेले. होडीघराचं दार उघडं होतं, आणि त्या दारातून स्वयंपाकघरातल्या लांगहोल्मचा एक बारीक धागा उतारावरून खालपर्यंत पोचत होता. ओल्या फळ्यांवरून पाय सरकून ते मागच्या कोपऱ्यात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांनी बटण दाबलं. बटणाने तो धागा धरूनच हाक दिली आणि ती वाटेत तुटली. त्यांच्या डोक्यावर तुळईला स्वार्टबोचा हिरवा ठिपका पूर्ण जोरात जळत होता. त्याला कुणी विचारलं नाही. पुढचं थंडीने केलं, असं डॉक्टर म्हणाले. जेवायला आले नाहीत म्हणून आई खाली गेली, तेव्हा ते सापडले.

मी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात लोकर विंचरत बसली होती. बाबांचं बटण तिच्या मनगटात होतं, मारितने पट्टा बारीक करून दिलेलं. टेबलावर अंत्यविधीचे उरलेले केक होते. शेजारणींनी इतके आणले होते की फ्रीजरचं दार लागत नव्हतं. खिडकीशी स्टाइनार कॉफी पीत होता. तो आमचा पलीकडचा शेजारी, बाबांच्या बरोबरीचा, बाबा गेल्यापासून मेंढ्या तोच बघत होता.

मी काय करायला आलेय ते सांगितलं.

"नाही," आई म्हणाली.

"आई, अगं ती नुसती नावं आहेत."

"ऑडवारने दिलीयत ती. तो असताना तुला बदलता आली नाहीत, आता बदलतेस होय?"

"मग शुक्रवारी मारित येईल आणि तुला घेऊन जाईल."

"मी काय मेंढी आहे?"

"मेंढीला कुणी विचारत नाही," स्टाइनार म्हणाला. "तुला निदान विचारतायत. आणि तू गेलीस तर मला कॉफी कोण देईल, ते बघ."

"तुझ्या घरी चूल नाही?"

"चूल आहे. तुझ्यासारखं टाकून बोलणारं कुणी नाही."

आई हसली नाही, पण तिचा हात थांबला. मग तिने विचारलं, "त्या तिघांतलं कुठलं ठेवणार?"

"तू सांग."

"मी कसं सांगू? एक ठेवायचं म्हणजे दोन विझवायचे. तो माणूस एकेका दिव्यासाठी वरच्या साहेबांशी भांडायचा."

"माझ्या मेंढ्याचं ठेव," स्टाइनार म्हणाला. "कैसर. सगळ्या बेटावर त्याचंच चालतं, तसंही."

"तुझा मेंढा माझ्या घरात नको." आईने लोकर बाजूला ठेवली. "माझंच घाल. गुड्रून. कुणाला खडकावर घालायचंच असेल तर माझ्या नावावर घालू दे."

मी लॅपटॉप उघडला. खरं तर काम सोपं होतं. एकेका डब्यात शिरायचं, जुनं नाव पुसायचं, नवं लिहायचं. लांगहोल्म पुसताना आई बघत होती, म्हणून मी पडदा तिच्याकडून थोडा वळवला. मग बटणाला जुनी तिन्ही नावं विसरायला लावून नवं एकच शिकवलं, ते स्वतःच्या मनगटात घातलं आणि केंद्राला फोन करून चाचणीची वेळ मागून घेतली. स्वयंपाकघरात आवाज नीट होता. अंगणात नीट होता. मेंढवाड्याच्या दारात पाऊल टाकलं आणि मनगट मेलं.

मी शेणाच्या वासात उभी राहिले, बटण दाबत राहिले. मेंढ्या बघत राहिल्या. तेव्हा पहिल्यांदा मला, डोक्यात नाही, बोटात कळलं, की त्या दिवशी बाबा काय करत होते.

चूक माझीच होती. मेंढवाड्यातल्या डब्याचं नाव बदललं होतं, पण पासवर्ड त्याचा जुनाच राहिला होता. नाव ओळखीचं आणि किल्ली निराळी; बटण ओळखीच्या दाराशी जाऊन उभं राहत होतं आणि दार उघडत नव्हतं. बाबांची खडकाला बंदर समजण्याची गोष्ट अशा वेळी खरी होती. मी परत वर गेले, तिन्हींचा पासवर्ड एक केला. आणखी एक गोष्ट केली. स्वयंपाकघरातल्या डब्याचा जोर कमी केला, मेंढवाड्यापर्यंत जेमतेम पोचेल इतका. नाहीतर तो घरात बसून उतारावरून खालपर्यंत हाका मारत राहिला असता आणि बटण त्याचंच ऐकत राहिलं असतं.

दुसऱ्या खेपेला मी मेंढवाड्यातून होडीघराच्या दारापर्यंत चालत गेले. आवाज तुटला नाही. दाराच्या आत मी गेले नाही.

वर आले तेव्हा आई माशाच्या वड्या तळत होती. "झालं?" तिने विचारलं.

"झालं. आता तू इथे राहू शकतेस."

"हात धुऊन ये," ती म्हणाली.

शुक्रवारी मारित गुडघ्यापर्यंतचे बूट घालून आली. केकचे दोन तुकडे तिने नको नको म्हणत खाल्ले आणि मग केंद्राला कळवलं. आईच्या मनगटातून एका माणसाचा आवाज आला, तरुण, उत्तरेकडच्या हेलाचा.

"गुड्रून, मी मदत केंद्रातून बोलतोय. तुम्ही नेहमी चालता तशा चाला आणि बोलत राहा. मी मधे मधे उत्तर देईन."

"काय बोलू?"

"काहीही. काल काय जेवलात?"

"माशाच्या वड्या."

"विकतच्या?"

"विकतच्या तू खात असशील." आई उंबरा ओलांडून अंगणात आली. मी तिच्या एका बाजूला, मारित दुसऱ्या बाजूला. पायाखाली गवत गोठून करकरत होतं. दुपारच असली तरी उजेड कडेकडेने ओसरायला लागला होता. "विकतच्या वड्यांत पीठ असतं नुसतं. बायको नाही का तुला?"

"आहे. तिलाही येत नाहीत."

"मग दोघांनी शिका. आता मेंढवाडा आला. ऐकू येतंय का?"

"मेंढ्यासुद्धा ऐकू येतायत."

मेंढवाडा मागे पडला. मी तिच्या मनगटाकडे बघत होते, जणू बघून काही कळणार होतं. उतारावर तिने माझा दंड धरला. होडीघराच्या दाराशी ती थांबली. बाबा गेल्यापासून ती इथे आली नव्हती.

"इथपर्यंत पुरे, गुड्रून," मारित हळूच म्हणाली. "आत नाही गेलात तरी चालेल."

"तू म्हणालीस ना, जिथे जिथे जाते तिथे."

ती आत गेली. होडी अर्धी वर ओढलेली तशीच होती, दोर तसाच. ती फळ्यांवरून भिंतीला हात लावत मागच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि उभी राहिली. मी खिशातून फोन काढून बघितला. पडद्यावर तिचं नाव होतं.

"गुड्रून?" मनगट म्हणालं. "ऐकतोय मी. अगदी स्वच्छ येतंय. शेजारी बसल्यासारखं."

आईने हात तोंडाजवळ नेला. "त्या दिवशी तू होतास का रे?"

मारितने खाली आपल्या बुटांकडे बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की तिला काहीतरी ठाऊक आहे, जे मला नाही.

"नाही," तो माणूस म्हणाला. "माझी सहकारी होती."

"तिला सांग, तिची काही चूक नाही. तिने विचारलं होतं. घरी फोन केला होता तिने. म्हणाली, बटण वाजलं आणि लगेच तुटलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, गुड्रून बोलतेय, हो, सगळं ठीक आहे. ते बटण त्याच्या बाहीत अडकून वाजतंच नेहमी." आई थांबली. तिचा आवाज वड्यांबद्दल बोलताना होता तसाच होता. "खरंच वाजायचं ते. मी खिडकीतून बघितलंसुद्धा. दार उघडं दिसलं. म्हटलं, काम चाललंय."

होडीघराखाली पाणी फळ्यांना लागून मागे जात होतं. मारित म्हणाली, "गुड्रून, त्यावरून कुणीच—"

आई माझ्याकडे वळली. "उन्नी, हे सगळं करायला तुला किती वेळ लागला?"

मला खोटं बोलता आलं असतं. "फार नाही."

"फार नाही म्हणजे?"

"तू वड्या तळायला घेतल्यास, तोवर झालं होतं."

तिने मान हलवली. बाजारात एखाद्या वस्तूचा भाव सांगावा आणि आपण हलवावी, तशी.

वर आल्यावर मारितने बूट काढायच्या आधीच सांगून टाकलं. "सगळीकडे चालतंय. माझ्याकडून हो. गुड्रून, तुम्ही इथेच राहा."

आईने मनगटातला पट्टा सोडवला, बटण टेबलावर केकच्या ताटाशेजारी ठेवलं.

"शहरातली ती खोली," तिने विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

मारितने माझ्याकडे बघितलं. "गाड्या लावतात तिकडे. पण आता त्याची गरज नाही. चालतंय ना ते."

"चालतंय म्हणूनच म्हणते."

मारित गेल्यावर मी भांडले. शांतपणे, आमच्या घरात भांडतात तसं. म्हटलं, तू इथे राहावीस म्हणून मी हे केलं. म्हटलं, तुला खोलीत कोंडून घेणं जमणार नाही, तिथे लोकर विंचरायला बसलीस तर त्यांना गालिचा घाण होईल याची काळजी. म्हटलं, बटण नको असेल तर मी मारितशी बोलते. ती सगळं ऐकून घेत होती आणि कप पुसत होती.

"तू ऐकतेयस का?"

"ऐकतेय. तू बाबांसारखी बोलतेस, मुद्दा संपला तरी."

"मग कारण सांग मला."

तिने कप पालथा ठेवला. "ते चालत नव्हतं, तोवर मला म्हणता येत होतं की ते इथे चालणारच नव्हतं. डोंगर आहे, जागाच तशी आहे. आता तो पोरगा तिथे कोपऱ्यात शेजारी बसल्यासारखा बोलला. रोज हे हातात घालून मी त्या उतारावरून कशी जाऊ, ते तू सांग."

मी वाचलेल्या इतक्या पानांत ते कुठे असेल तर मला आठवलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही घर आवरलं. आईने थोडंच घेतलं: लोकर, ती विंचरायच्या दातेरी फळ्या, बाबांचा एक स्वेटर, आणि बटाट्याच्या पिठाचे फुलके भाजायचा तवा, जो तिथे वापरता येणार नव्हता. मेंढ्या स्टाइनारकडेच राहणार होत्या आणि बाबांनी मेंढवाड्यात लावलेला कॅमेरा त्याला वसंतात वेताच्या वेळी लागणार होता, म्हणून वायफाय चालू ठेवायचं ठरलं.

निघायच्या सकाळी आई शेवटचं एकदा खिडक्या तपासत होती. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. तिघांचं गुड्रून पुसलं. लांगहोल्म लिहिलं, त्याचा कमी केलेला जोर परत वाढवला. ग्रोशेर लिहिलं. स्वार्टबो लिहिलं. जुने पासवर्ड मला पाठ झाले होते. घरापासून पाण्यापर्यंत आता चालत जाणारं कुणी नव्हतं. वेगळी नावं चालणार होती.

स्टाइनारने आम्हाला आपल्या होडीतून पलीकडच्या धक्क्यावर सोडलं. आई जायच्या दिशेला पाठ करून बसली होती, बेटाकडे तोंड करून, गुडघ्यावर पिशवी आणि पिशवीवर फोन.

"तू नावं परत घातलीस," ती म्हणाली.

"हो."

"लांगहोल्म दिसतंय अजून."

"थोडा वेळ दिसेल."

स्टाइनारने होडीचा वेग वाढवला. खडकाला वळसा घातला तेव्हा घर दिसेनासं झालं. आईने आणखी जरा वेळ पडद्याकडे बघितलं, मग फोन पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड आवळलं.

"स्टाइनार," ती ओरडली, "त्या पाण्याच्या हौदावर सकाळी बर्फ धरतो. फोडल्याशिवाय मेंढ्या पाणी पीत नाहीत. विसरशील तू."

"नाही विसरत," तो म्हणाला.

"विसरशील," आई म्हणाली.